लंब रेषेचा चढ आणि अप्पांची माफी

सर,

आधी 'प्रिय सर' लिहिलं होतं. खोडलं. मग 'आदरणीय' लिहिलं, तेही खोडलं. तुमच्यापायी एक कोरं पान वाया गेलं, आता दुसरं घालवणार नाही. नुसतं 'सर' पुरे.

तुम्हाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. शाळेत कार्यक्रम आहे. दहावीच्या गणिताची तुमची ती वही आता छापायची ठरलीय. आणि छापायला द्यायच्या आधी तिची स्वच्छ प्रत करायचं काम कुणाच्या वाट्याला आलं असेल? माझ्या! ओळखलंत का? सुजाता. गवंड्याची पोरगी, शेवटच्या बाकावरची. तुमच्याच शाळेत, तुमच्याच मराठी सेक्शनला आता मी गणित शिकवते. गेस्ट टीचर आहे, दर वर्षी नव्यानं अर्ज करावा लागतो, पण खडू माझ्या हातात आहे. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलंय, वही तुम्हीच उतरवा. अन् सुरवातीला सरांविषयी दोन पानं लिहा. जरा गोड लिहा."

गोड! म्हणून हे लिहायला बसलेय. किती गोड होतंय ते तुम्हीच बघा.

वहीचं श्रेय मी तुमच्याकडून हिसकावून घेणार नाही, तेवढी नीच मी नाही. आपला सेक्शन मराठी, पण गाव कर्नाटकात, पेपर येणार बेंगळुरूहून. मराठी गाईड मिळायचं ते उदगीर-लातूरचं, त्याचा अभ्यासक्रमच वेगळा. आपल्या पोरांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. म्हणून तुम्ही कन्नड सेक्शनची टिपणं समोर ठेवून एकेक ओळ मराठीत उतरवलीत. दर वर्षी जूनमध्ये ती वही पहिल्या बाकावर यायची आणि पोरं पाळीपाळीनं घरी नेऊन लिहून घ्यायची. माझ्याकडं ती दोन दिवस होती. मी हात धुऊन उघडायचे हो ती वही! इतकी भक्ती होती माझी तुमच्यावर. कधी कळलं का तुम्हाला?

आणि त्याच वहीनं माझा घात केला. आठवतंय ना? आठवत नसेल तर मी सांगते. मला अक्षर न् अक्षर पाठ आहे.

निर्देशक भूमिती. लंब रेषेचा चढ. वहीत तुमचा नियम होता, 'दिलेल्या रेषेचा चढ काढा, तो उलटा करा, लंब रेषेचा चढ मिळाला.' बास, एवढंच. आकृती कुठंच नाही. आकृती काढणाऱ्याला तुम्ही म्हणायचात, "चित्रकलेचा तास न्हाई हा!" आणि सगळा वर्ग तुमच्या मागनं ओरडायचा, "लंब आला, उलटा करा!" उदाहरण होतं एक-दोन आणि चार-चार या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं. चढ आला दोन छेद तीन. उलटा केला, तीन छेद दोन. खाली दोन रेघा मारून उत्तर संपलं.

मला मेलीला आकृती काढायची खोड. आलेख कागदावर पहिली रेषा काढली, ती उजवीकडं वर चढत गेली. मग त्याच एक-दोन बिंदूतून तुमच्या उत्तराची रेषा काढली, तर तीही उजवीकडंच वर चढत निघाली! एक जरा आडवी, एक जरा उभी, पण दोघींची दिशा एकच. मधला कोन तर काटकोनाच्या पाव हिश्श्याएवढा. ही लंब रेषा? पोळपाटावर लाटणं ठेवणाऱ्या बाईलाही दिसलं असतं!

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी कन्नड सेक्शनच्या शिल्पाला गाठलं आणि तिची वही मागून घेतली. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, उलटा करा आणि चिन्हही बदला, दोन्ही चढांचा गुणाकार उणे एक आला पाहिजे. तुमच्या उत्तरात तो अधिक एक येत होता. म्हणजे पाहिजे होतं उणे तीन छेद दोन. कन्नडातून मराठीत उतरवताना तुमच्या हातून ते चिन्ह राहून गेलं होतं, आणि आकृती कुणी काढत नसल्यानं इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी उभी राहिले. "सर, इथं उणे पाहिजे. दोन्ही रेषा एकाच बाजूला झुकायल्यात."

"वहीत काय लिवलंय?"

"वहीत उणे न्हाई सर, पण..."

"मग बस खाली."

सर, तेव्हा मी खाली बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी अप्पांची लेक. अप्पा कुणाच्याही घराची आखणी करताना आधी दोरी बांधायचे, मग कोपऱ्यात लोखंडी गुण्या लावून काटकोन बघायचे, आणि तो जुळल्याशिवाय पायाला कुदळ लावू द्यायचे नाहीत. मालक कितीही घाई करू दे! मला वाटलं, सरांना तोंडी सांगून पटत नसेल, तर दाखवू. दुसऱ्या दिवशी तो गुण्या दप्तरात घालून शाळेत आणला.

चौकटी आखलेल्या फळ्यावर दोन्ही रेषा मी काढल्या. तुम्हीच म्हणालात, "काढ, बघू तुझी अक्कल." गुण्याची एक बाजू पहिल्या रेषेवर ठेवली. दुसरी बाजू गेली डावीकडं वर, आणि तुमची रेषा राहिली उजवीकडं, गुण्याच्या पार आत. सगळ्या वर्गाला दिसलं. तुम्हालाही दिसलं, सर! तुमचा चेहरा मी जवळून बघत होते.

आणि मग तुम्ही काय म्हणालात? "हे हत्यार तुझ्या बापाला शोभतं. भूमिती म्हंजे काय संडासची भिंत वाटली व्हय तुला? गवंड्याची जात, निघाली मला शिकवायला! जा, भाईर जाऊन भिंत बांध." वर्ग हसला. मी गुण्या घेऊन व्हरांड्यात उभी राहिले, शाळा सुटेपर्यंत.

एवढ्यावर तरी थांबायचं होतंत! पण नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांना बोलावणं धाडलंत. अप्पा चालू काम टाकून आले. पायावर सिमेंट तसंच वाळलेलं. वर्गाच्या दारात चपला काढल्या त्यांनी. मी मनात म्हणत होते, अप्पा आता गुण्याचं सांगतील, सरांना समजावतील. अप्पांनी हात जोडले. "सर, लेकरू हाय. चुकलं तिचं. माफ करा."

"माझ्याकडं न्हाई, वर्गाकडं बघून म्हणा," तुम्ही म्हणालात.

अप्पा वर्गाकडं वळले आणि तेच पुन्हा म्हणाले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांपुढं! त्या महिन्याच्या पौर्णिमेला तुम्ही नेहमीसारखे गाणगापूरला जाऊन आलात, सगळ्या वर्गाला प्रसाद वाटलात, आणि माझ्या बाकापाशी येऊन हात आवरता घेतलात. तेही मी विसरलेले नाही. पण ते जाऊ दे. प्रसादावाचून माझं काही अडलं नाही.

अडलं अप्पांचं. हे तुम्हाला माहीतच नाही, म्हणून नीट ऐका.

मी घरी आले, दप्तर फेकलं आणि अप्पांवर ओरडले, "तुम्ही कामून हात जोडले? मी बरोबर होते!" अप्पा गुण्या घेऊन अंगणात बसले. फरशीवर एक सरळ रेघ मारली, गुण्या लावून उभी रेघ मारली. मग गुण्या पालथा करून त्याच ठिकाणी पुन्हा रेघ मारली. गवंडी लोक गुण्या असाच तपासतात, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. आल्या, सर! एकावर एक आल्या. तरी अप्पा पुन्हा मारून बघायलेत, पुन्हा पुसायलेत.

"अप्पा, बरोबर हाय की गुण्या."

"सर खोटं कामून बोलतील गं? शिकलेला माणूस हाय. ह्यातच कायतरी बिघाड असंल, माझ्या डोळ्याला दिसंना."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बांधलेली घरं बघायला गेले. मंठाळच्या वाटेवरची दोन आणि गावातलं एक. लोकांच्या घरात शिरून कोपरे बघायचे! घरवाले विचारायचे, काय झालं हो मिस्त्री? हे म्हणायचे, काही न्हाई, सहज आलतो. त्या आठवड्यात गुण्या भंगारवाल्याला देऊन टाकला. आणि त्यानंतर अप्पांनी आजवर कुठल्याच घराची आखणी स्वतः केली नाही. दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली जायचे. तो दोरी लावून देईल तशा विटा रचायचे. ज्या माणसाला लोक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहून पाया काढायला बोलवायचे, तो माणूस! तुमच्या एका शब्दावर त्यानं आपल्या हातावरचा भरवसा सोडला.

आणि मी? मी त्यांच्याशी दोन महिने धड बोलले नाही. मला वाटायचं, भित्रा आहे माझा बाप. तेही पाप तुमच्याच माथी मारते. घ्या.

बोर्डाच्या पेपरला लंब रेषेच्या चढाचा प्रश्न आला. मी उणे लिहिलं. बाहेर आल्यावर बाकीची अठरा पोरं उत्तरं ताडून बघायली होती, सगळ्यांचं वहीप्रमाणं. एक जण मला म्हणाला, "तुझं चुकलं बघ." मी गप्प बसले. बोलून काय मिळतं ते बघितलं होतं मी.

आता वहीकडं येते. गेल्या रविवारी ते पान उतरवायला घेतलं. आणि काय बघते! तीन छेद दोनच्या अलीकडं लाल शाईनं उणे चिन्ह. बारीक, अगदी चोरून घातल्यासारखं. नियमातही लाल शाईनं तीन शब्द, 'आणि चिन्ह बदला'. म्हणजे तुम्हाला कळलं होतं! पण कधी? शाळेतल्या एका पोरीची थोरली बहीण माझ्या मागच्या वर्गात होती. तिची जुनी वही मागवली. तिच्यात उणे आहे. म्हणजे पुढच्या बॅचला तुम्ही बरोबर शिकवलंत, गाजावाजा न करता, जणू आधीपासून तसंच होतं. आणि आमच्या अठरा पोरांना चुकीचंच घेऊन पेपरला पाठवलंत. एक दिवस वर्गात येऊन 'दुरुस्ती करा रे' म्हणायला काय जात होतं तुमचं?

मी बस धरून थेट बीदर गाठलं. तुमच्या माघारी काकू तिथंच मैलूर भागात असतात, तुमच्या धाकट्या मुलाकडं. मी पान उघडून पुढं धरलं. काकूंनी चष्मा लावला, बघितलं, आणि लगेच म्हणाल्या, "हे व्हय? ह्याच्यापायी ते जेवले नव्हते."

"कधी?"

"तू लोखंडाचं काहीतरी आणलतीस ना वर्गात, त्याच दिवशी. सांजच्याला आले अन् माझ्या रांगोळीच्या ठिपक्यावर रेघा मारत बसले. मग म्हनले, पोरगी बरोबर हाय. मी म्हनलं, मग उद्या सांगून टाका की तिला. तर म्हनले, एवढ्या पोरांत मी कोणतं तोंड दाखवू?"

त्याच दिवशी, सर! त्याच संध्याकाळी तुम्हाला कळलं होतं. आणि अप्पांना बोलावलंत तिसऱ्या दिवशी. मी बरोबर आहे हे पक्कं ठाऊक असताना तुम्ही माझ्या बापाला हात जोडायला लावलेत. वर्गाकडं तोंड करून म्हणायला लावलेत. आजपर्यंत मी समजत होते की तुम्ही चुकलात. चुकला नव्हतात तुम्ही. तुम्ही जाणूनबुजून केलंत.

जेवले नव्हते म्हणे! एक वेळ उपाशी राहिलात, आणि फिटलं? अप्पांनी तेव्हापासून स्वतःच्या हातानं एक दोरी लावली नाही. कुठल्या तराजूत घालायचं हे दोन्ही?

तुम्ही जिवंत असतात तर मी काय केलं असतं ठाऊक आहे? तुमच्या घरी आले असते, अप्पांना घेऊन, आणि भर गल्लीत, लोक जमवून, तुमच्याकडून तेच वाक्य म्हणवून घेतलं असतं. 'चुकलं माझं, माफ करा.' दोनदा. मला फार वाटतं की तुम्ही आणखी एक वर्ष जगायला पाहिजे होतंत. एवढ्यासाठीच. सगळ्यांना तुमच्या जाण्याचं दुःख झालं, मला तुमच्या सुटून जाण्याचा राग आलाय. ह्या पत्रात तुम्हाला एकदा तरी 'अरे-तुरे' करावं म्हणून केव्हाची बसलेय, पण जीभ वळत नाही. शिकवणच तशी पडली. तीही तुमचीच.

पण मी गप्प बसलेली नाही. त्या पानावर मी वही जशीच्या तशी उतरवली. तुमचं पहिलं चुकीचं उत्तर, त्यावर तुमची लाल दुरुस्ती, आणि खाली माझ्या हातानं चार ओळी. ही चूक दहावीतल्या एका मुलीनं वर्गात दाखवून दिली होती. तिचे वडील गवंडी. त्यांच्याकडून वर्गासमोर माफी मागवून घेतली गेली. ती माफी चुकीची होती. आणि त्याच्याखाली अप्पांचं पूर्ण नाव.

हेडमास्तरांनी वाचलं आणि ताडकन उठले. "गेलेल्या माणसाचं कामून उकरायलात बाई? लोक फुलं घेऊन येणार, अन् तुम्ही हे?"

"मग त्या ओळी काढा," मी म्हणाले. "पण माझी प्रतही परत द्या. छापायचं तर दुसऱ्याकडून उतरवून घ्या."

"पुढच्या वर्षी तुमचा अर्ज माझ्याचकडं यायचाय, एवढं ध्यानात ठेवा."

"ठेवते की."

त्यांना वाटलं काकूंना फोन केला की मी नमते. माझ्यासमोरच लावला, आवाज मोठा करून. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छापा. एक ओळ काढायची न्हाई. त्या दिवशी म्या गप्प बसले. लई वर्षं गिळून बसले." हेडमास्तरांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता प्रत छापखान्याच्या पाकिटात घातली. सर, तुमच्या घरात एक तरी माणूस सरळ निघालं. ते तुम्ही नव्हतात.

काल अप्पांना सगळं वाचून दाखवलं. हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून कानाशी वाकून, सावकाश. लाल चिन्हाचं सांगितलं. रांगोळीच्या ठिपक्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील, शिव्या देतील, निदान माझ्यासोबत तुम्हाला दोन तरी शिव्या देतील! अप्पांनी आपले दोन्ही तळहात पुढं धरून बघितले. मग म्हणाले, "म्हंजे माझी घरं काटकोनात होती?"

"होती अप्पा. सगळी."

"समदी?"

"समदी."

मग ते रडले, सर. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बापाला रडताना बघितलं. तुम्ही हे बघायला नव्हतात हे बरंच झालं. तुम्हाला बघायचा हक्क नव्हता.

आता शेवटचं. कार्यक्रमाच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिणार आहेत, 'सर अमर रहे'. माझी काही हरकत नाही. उलट मी शब्दच देते तुम्हाला. ह्या शाळेत असेन, नाहीतर दुसऱ्या, जिथं कुठं माझ्या हातात खडू असेल तिथं, लंब रेषेचा धडा आला की मी आधी फळ्यावर तुमचं उत्तर लिहीन. तीन छेद दोन, उणे न घालता. शेजारी तुमचं नाव लिहीन, पूर्ण, आडनावासकट. आणि पोरांना म्हणेन, आकृती काढा, ह्या सरांची चूक सापडेल. सापडतेच, सर. एका तासात सापडते. दर वर्षी नवी पोरं, दर वर्षी तुमचं नाव. मी निवृत्त होईपर्यंत तुम्हाला मरू देणार नाही.

गवंड्याची लेक,
सुजाता